फिरत्या पात्यांचं छत घेताय? आधी पन्हळ बघा

पागोळी

ओटा, अंगण किंवा गच्चीवर घालायच्या फिरत्या पात्यांच्या छताबद्दल, म्हणजे लुव्हर्ड पर्गोलाबद्दल, दुसऱ्या धाग्यांवर फुटकळ चर्चा चालू असते. सगळं एका जागी असावं म्हणून हा वेगळा धागा काढतेय. रंग, दिवे, रिमोट यांवर जरूर बोला, पण बघायची पहिली गोष्ट पन्हळ आहे. पाती सगळेच विक्रेते हौसेने फिरवून दाखवतात. पाणी कुठून कुठे जातं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

रचना थोडक्यात अशी: चार खांब, त्यांवर चौकट, चौकटीत ओळीने बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची पाती. पात्याची रुंदी साधारण १५० ते २५० मिमी आणि लांबी बहुतेक प्रकारांत ४ मीटरच्या आसपास संपते. प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलची पिन असते, ती चौकटीतल्या नायलॉनच्या किंवा अ‍ॅसिटालच्या (एक कडक प्लास्टिक) बुशमध्ये, म्हणजे छोट्या कड्यात, फिरते. सगळी पाती एका जोडपट्टीला बांधलेली असतात. मोटर ती पट्टी ढकलते-ओढते आणि पाती एकदम वळतात.

पाती मिटली की एकाची कड शेजारच्या पात्याच्या कडेवर बसते. खालच्या कडेत एक अरुंद नाली असते. पावसाचं पाणी पात्यावरून या नालीत, नालीतून पात्याच्या टोकाला, टोकावरून चौकटीच्या आतल्या पन्हळीत आणि पन्हळीतून खांबाच्या पोटातल्या नळीत जातं. छत गळतंय म्हटलं की या मार्गावरचा कुठला सांधा हुकला एवढंच शोधायचं असतं.

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ४ × ३ मीटरच्या छतावर तासाला १०० मिमी या वेगाने पाऊस आला तर मिनिटाला २० लिटर. हे पाणी एकाच खांबातून काढायचं कबूल करू नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन खांबांत तोंडं ठेवा आणि प्रत्येक तोंड एकट्याने सगळं पाणी घेईल एवढं मोठं हवं, कारण पानगळीत त्यातलं एक तुंबणारच. ५० मिमीहून लहान नळी नको.

आणि घराच्या उतरत्या छपराची वळचण या पात्यांवर मोकळी सोडू नका. ३० चौरस मीटरचं छपर त्याच पावसात मिनिटाला आणखी ५० लिटर ओततं. पात्यांची नाली फक्त आपल्यावर पडलेल्या पाण्यापुरती असते. घराच्या वळचणीला स्वतंत्र पन्हळ आणि स्वतंत्र नळ हवाच.

खटपट्या

उत्तम धागा. एक शंका: पात्याच्या नालीला ढाळ कुठे असतो? पातं तर सपाट दिसतं.

ओळंबा

बहुतेक वेळा नसतोच. पातं पाणसळीत असतं, पाणी स्वतःच्या दाबाने दोन्ही टोकांकडे सरकतं. काही उत्पादक पात्याच्या लांबीच्या दिशेने मीटरमागे ५ ते १० मिमी ढाळ द्यायला परवानगी देतात, तसं असेल तर घ्यावा. पण मग चौकटही त्याच हिशेबाने बसवावी लागते. नुसतं पातं तिरकं करता येत नाही.

खरी मेख झोलाची, म्हणजे पातं मधोमध किती वाकतं याची, आहे. माहितीपत्रकात झोलाची मर्यादा विस्ताराच्या (दोन आधारांतल्या अंतराच्या) १/२०० लिहिलेली असते. ४ मीटरला ते २० मिमी झाले. वाऱ्याच्या किंवा बर्फाच्या भाराखाली तेवढं वाकणं चालून जातं. पण स्वतःच्या वजनाने आणि पावसाच्या पाण्यानेच पातं तेवढं खाली येत असेल तर संपलं, कारण नालीची खोली जेमतेम तेवढीच असते. पाणी टोकाला जायच्या ऐवजी मधोमध साचतं आणि कडेवरून सांडतं. जागेवर तपासायला पात्याच्या दोन टोकांत दोरी ताणा आणि मध्ये पट्टीने अंतर मोजा.

५ मीटरचा विस्तार हवा असेल तर लांब पाती मागू नका. मधे एक तुळई घ्या, अडीच-अडीच मीटरचे दोन गाळे करा. मधल्या तुळईलाही दोन्हीकडून पन्हळ लागते, ती आहे ना ते नकाशात बघा.

निळाई

पाती कुठल्या दिशेने लावायची यावर जो तो वेगळं सांगतो. पूर्व-पश्चिम लांबी की उत्तर-दक्षिण?

पागोळी

निळाई, याला भूमितीच उत्तर देते. पात्याची रुंदी आणि दोन पात्यांतलं अंतर जवळजवळ सारखं धरू.

सूर्य थेट डोक्यावर असेल तर मिटलेल्या स्थितीपासून ३० अंश उघडलेली पाती सुमारे १३ टक्के ऊन आत सोडतात, ४५ अंश उघडलेली सुमारे २९ टक्के. म्हणजे भर दुपारी "अर्धं उघडं" ठेवलं तरी बऱ्यापैकी सावली मिळते.

आता सूर्य दक्षिणेला ६० अंश उंचीवर आहे आणि पाती पूर्व-पश्चिम लांबीची, ४५ अंश उघडलेली आहेत असं समजा. पात्याची खालची कड दक्षिणेकडे आणि वरची कड उत्तरेकडे असेल तर थेट ऊन शून्य येतं. एका पात्याची सावली पुढच्या पात्यापर्यंत पोचून वर थोडी उरते. फट उत्तरेच्या आकाशाकडे उघडते, उजेड मिळतो आणि गरम हवा वर निघून जाते. हेच पातं तेवढंच, पण उलट्या बाजूला वळलं, तर सुमारे ७० टक्के ऊन आत येतं. कोन तोच, परिणाम पार उलटा.

म्हणून मागणी नोंदवताना नुसतं "९० अंश फिरतं" यावर थांबू नका. कुठल्या बाजूला उघडतं ते नकाशात बाणाने दाखवून घ्या. बसवून झाल्यावर बाजू बदलायची म्हणजे सगळी पाती काढून उलटी लावणं, आणि पुष्कळ प्रकारांत तेही जमत नाही, कारण नाली एकाच कडेला असते. १३० अंशांच्या पुढे फिरणारी पाती असतील तर उभ्या स्थितीच्या दोन्ही बाजू वापरता येतात, तिथे ही चिंता कमी.

हे गणित उत्तर गोलार्धाचं. दक्षिण गोलार्धात दिशा उलट्या करून वाचा.

सूर्यपावली

पागोळीताई, एक जोड. संध्याकाळी पश्चिमेचा त्रास असणाऱ्यांना उत्तर-दक्षिण लांबीची पाती सुचवली जातात, पाती सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळवता येतात म्हणून. दुपारी तीन-चारपर्यंत ते खरंही आहे. पण सूर्य २५ अंशांपर्यंत खाली आला की ऊन छतातून येतच नाही, ते बाजूने आत शिरतं. २.५ मीटर उंचीच्या छताखाली ते ऊन पाच मीटरहून जास्त आत पोचतं. तिथे वरची पाती काहीही करा, उपयोग शून्य. पश्चिमेला उभा पडदाच लागतो. पूर्व-पश्चिम पाती आणि शिवाय पश्चिमेला खाली ओढायचा पडदा, हाच पर्याय बहुतेक वेळा बरा पडतो.

गच्चीकर

वाऱ्याचं काय? जोराचा वारा सुटला की पाती सताड उघडी ठेवावीत म्हणजे वारा आरपार जातो, असं वाचलंय.

ओळंबा

सरसकट नाही. काही प्रकारांत वाऱ्यात पाती मिटवायला सांगतात, काहींत उघडायला, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मिटलेली पाती एकमेकांत अडकून एकसंध होतात, खडखड होत नाही, पण छतावर उचल, म्हणजे वाऱ्याचं वर उचलणारं बळ, जास्त येते. उघड्या पात्यांमुळे उचल कमी होते, पण प्रत्येक पातं पिनेभोवती झुलायला बघतं आणि तो सगळा झटका जोडपट्टीवर व मोटरच्या दांड्यावर येतो. रचना कुठल्या स्थितीसाठी केली आहे ते उत्पादकाने लिहून दिलेलं असतं. अंदाजाने ठरवू नये. वारामापक बसवला असेल तर त्याचा आदेशही त्याच स्थितीचा लावून घ्यावा. पुष्कळ वेळा तो कारखान्यातून आला तसाच राहतो.

बर्फ पडणाऱ्या ठिकाणी सहसा पाती उघडी ठेवायला सांगतात. तापमान शून्याजवळ असताना मात्र मोटर चालवू नका. कडा गोठून चिकटलेल्या असतात आणि जोर बुशवर येतो.

गच्चीकर

मग उचल किती येते? पाया केवढा घ्यायचा?

ओळंबा

ढोबळ हिशेब देतो. अंतिम आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.

वाऱ्याचा दाब, न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये = ०.६ × वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ४० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी १४४ किमी. दाब ९६०. छत १२ चौरस मीटरचं, छताच्या आकारानुसार बदलणारा गुणांक १ धरला तर वर उचलणारं बळ सुमारे ११,५०० न्यूटन, म्हणजे जवळपास ११७५ किलोचं. छताचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३० किलो धरलं तर ३६०. उरले ८०० किलोंच्या वर, जे पायाने धरून ठेवायचे.

६०० मिमी लांबी-रुंदी-खोलीचा काँक्रीटचा एक ठोकळा सुमारे ५१८ किलोचा. असे चार म्हणजे २०७० किलो, अडीच पट. ठीक. हेच ४०० मिमीचे ठोकळे घेतले तर चार मिळून ६१४ किलो भरतात, म्हणजे कागदावरच छत उडालं. "खांब फरशीवर बोल्ट करून देतो" म्हणणाऱ्याला हे गणित दाखवा. ५०-६० मिमी जाडीच्या कोब्यात मारलेला बोल्ट कोब्यासकट वर येतो.

आणखी एक. बाजूचे पडदे खाली असतील तर ३ × २.४ मीटरचा एक पडदा म्हणजे सव्वासात चौरस मीटरची भिंतच वाऱ्यात उभी केल्यासारखं आहे. तेव्हा उचलीपेक्षा खांबाच्या बुडाशी येणारं वाकवणारं बळ महत्त्वाचं ठरतं. म्हणून पडद्यांची वाऱ्याची मर्यादा छताच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी असते. पडदे आधी गुंडाळायचे, छताचं नंतर बघायचं.

गच्चीकर

गच्चीवर ठोकळे कसे पुरायचे? स्लॅबमध्ये बोल्ट मारले तर वॉटरप्रूफिंगची वाट लागणार.

ओळंबा

लागतेच. खांबाच्या जागी वॉटरप्रूफिंग काढून स्लॅबच्या काँक्रीटमध्ये भोकं पाडून डॉवेल बार (जोडसळया) रासायनिक अँकरने, म्हणजे भोकात भरायच्या चिकट रसायनाने, बसवतात आणि त्यांवर किमान १५० मिमी उंचीचं आरसीसी पेडेस्टल, म्हणजे छोटा चौथरा, ओततात. नंतर वॉटरप्रूफिंगचा थर पेडेस्टलच्या अंगावर चढवून घ्यायचा. बेस प्लेट पेडेस्टलच्या डोक्यावर बसते, म्हणजे अँकरचं भोक पाण्याच्या पातळीच्या वर राहतं. पेडेस्टल तुळईवर किंवा कॉलमवर येईल अशी खांबांची जागा ठरवा. छताचं माप त्यासाठी थोडं बदलावं लागलं तर बदला. कुंड्या आणि पाण्याच्या टाक्यांनी उचल रोखायचा प्रस्ताव आला तर वरचे ८०० किलो आठवा. आणि गच्चीवर वाऱ्याचा वेग जमिनीपेक्षा जास्त धरायचा.

वाचनमात्र

धागा माझ्या आवडत्या धाग्यांच्या यादीत, निवडक दहात, नोंदवला.

खटपट्या

चौकट फॅब्रिकेटरकडून लोखंडी बनवून, त्यात पत्रा वाकवून केलेली पाती बसवली तर? बाजारात पिन आणि बुशचे सुटे संच मिळतात.

पागोळी

चौकट लोखंडी चालेल. १०० × १०० मिमीचा चौकोनी पाइप, ४ मिमी जाड, वेल्डिंग झाल्यावर गरम जस्ताचा मुलामा दिलेला. मुलामा आधी आणि वेल्डिंग नंतर असं करू नका, सांध्यांपासून गंज सुरू होतो.

पाती मात्र वाकवलेल्या पत्र्याची नकोत, निदान पावसासाठी तरी. बेंडिंग मशीनवर ४ मीटर लांबीला कडेचा कोन सर्वत्र सारखा येत नाही, एक-दोन अंशांचा फरक पडला तरी कडा एकमेकींवर नीट बसत नाहीत. एक्स्ट्रूजनने, म्हणजे तापलेला धातू साच्यातून दाबून, काढलेल्या पात्याची कड टोकापासून टोकापर्यंत एकसारखी असते. शिवाय ते पोकळ, दोन थरांचं असतं म्हणून झोल कमी, खालची बाजू कमी तापते, पावसाचा आवाजही कमी. फक्त सावलीच हवी असेल तर पत्र्याची पाती खुशाल करा.

लोखंडी चौकट आणि अ‍ॅल्युमिनियमची पाती यांचा थेट स्पर्श होऊ देऊ नका. मधे नायलॉनचा वायसर किंवा ईपीडीएम रबर हवंच. ओल राहिली की दोन धातूंच्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्राजवळ ३१६ प्रतीचे. तांब्याच्या पन्हळीतून येणारं पाणी अ‍ॅल्युमिनियमवर पडू देऊ नये. अ‍ॅल्युमिनियमचा खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नये, ओलं सिमेंट त्याला खातं. हे सगळं अमलात आणणारा फॅब्रिकेटर मिळाला तर सोडू नका.

सांधेजोड

बसवण्याचा क्रम लिहितो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं.

१. पाया भरून काँक्रीटला वेळ द्या. अँकर लगेच कसू नयेत.
२. चारही बेस प्लेट एका पातळीत आणा. लेझर किंवा पाण्याची नळी वापरा. दोन फुटी पाणसळीने ४ मीटरवरची पातळी कळत नाही.
३. खांब उभे करून ओळंब्यात घ्या. लगटून असलेल्या दोन्ही बाजूंनी ओळंबा बघा, एकाच बाजूने नाही.
४. चौकट जोडा, बोल्ट हाताने घट्ट करा, मग कर्ण मोजा. ४००० × ३००० मिमीच्या चौकटीचा कर्ण नेमका ५००० यायला हवा. दोन कर्णांत ३ मिमीहून जास्त फरक असेल तर चौकट काटकोनात नाही. आधी ती सुधारा, मगच बोल्ट कसा.
५. पन्हळीच्या कोपऱ्यांचे सांधे कोरडे करून सीलंट भरा. सीलंट न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला आणि पावडर कोटिंगला बाधतं.
६. पाती चढवायच्या आधी पाण्याची चाचणी. खांबातली तोंडं बंद करा, पन्हळीत २५-३० मिमी पाणी भरा आणि २४ तास ठेवा. पाती चढल्यावर कोपऱ्यात हात जात नाही, म्हणून हे आत्ताच.
७. पाती एकेक करून बसवा. प्रत्येक पातं हाताने फिरवून बघा. जोडपट्टी अजून लावू नका.
८. सगळी मोकळी फिरतात याची खात्री झाली की जोडपट्टी, मग मोटर.

पात्याच्या टोकाला फट ठेवायला विसरू नका. १५ अंश सेल्सिअसचं पातं उन्हात ६५ अंश सेल्सिअसवर गेलं तर ४ मीटरला साधारण साडेचार मिमी वाढतं. गडद रंगाचं पातं एवढं सहज तापतं. थंड सकाळी फट न ठेवता बसवलेलं छत दुपारी कुरकुरतं आणि मोटर मधेच थांबते. मग लोक मोटर बदलतात.

भिंतीला टेकणारी बाजू असेल तर विटा किंवा ब्लॉक पोकळ आहेत का ते आधी बघा. साधा विस्तारणारा अँकर पोकळ विटेत धरत नाही. आरपार बोल्ट आणि मागे प्लेट, किंवा जाळीच्या नळीसह रासायनिक अँकर. तुळई आणि भिंत यांच्यामधली फट नुसत्या सिलिकॉनने भरू नका. वर फ्लॅशिंगची, म्हणजे सांध्यावरून पाणी पुढे वळवणारी, पट्टी हवी, तिची वरची कड भिंतीत खाच पाडून आत गेलेली. आणि गिलावा अजून व्हायचा असेल तर आधी तो उरका, नाहीतर छत प्लास्टिकने झाका. सिमेंटचे शिंतोडे पावडर कोटिंगवरचे डाग बनून कायमचे राहतात.

निळाई

मोटरचं वायरिंग साधं असतं का? घरचा इलेक्ट्रिशियन करू शकेल?

तारांकित

करू शकेल, फक्त ही मोटर बहुधा २४ व्होल्ट डीसीची असते हे त्याला आधी सांगा. सवयीने तो २३० चा हिशेब धरतो आणि वायर बारीक टाकतो. मोटर ५ अँपिअर घेते, पॉवर सप्लाय १५ मीटर दूर आहे असं धरू. जाऊन-येऊन ३० मीटर तार. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत जवळपास पावणेदोन व्होल्ट गळतात, २.५ मध्ये एक व्होल्टच्या थोडे वर. भाराखाली मोटर मंदावते आणि कंट्रोलरला वाटतं काहीतरी अडकलंय. २.५ ची तार टाका, किंवा पॉवर सप्लाय जवळ आणा. मात्र तो कोरड्या जागी हवा, चौकटीच्या पन्हळीशेजारी कोंबू नका. २३० च्या बाजूला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि धातूच्या चौकटीला अर्थिंग.

वीज गेली की छत आहे तिथेच राहतं. मोटरमधल्या स्क्रूमुळे ते आपोआप पडत नाही, तसंच ढकलूनही मिटत नाही. दोन १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या मालिकेत जोडल्या तर १६८ वॉट-तास मिळतात. एका फेरीला २ वॉट-तास लागतात. हिशेबाने ८० च्या वर फेऱ्या होतात, प्रत्यक्षात निम्म्या धरल्या तरी भरपूर.

पावसाचा सेन्सर हीटर असलेला घ्या. बिनहीटरचा सेन्सर पहाटेच्या दवाने छत मिटवतो आणि पाऊस थांबल्यावर तासभर ओलाच राहतो. तो झाडाखाली किंवा वळचणीखाली लावू नका. पंखा किंवा जड दिवा पात्यांना टांगता येत नाही. त्यासाठी मधली तुळई मागणीच्या वेळीच घ्या आणि तिच्यातून वायरची वाटही.

खटपट्या

समजा शेवटची दोन-तीन पाती पूर्ण मिटत नाहीत. सुरुवात कुठून करायची?

सांधेजोड

वीज बंद करा. मोटरचा दांडा जोडपट्टीपासून सोडवा. तो एका पिनेवर असतो. सोडवताना एकाने पाती धरून ठेवावीत. आता पट्टी हाताने ढकलून मिटवा.

हाताने सगळी नीट मिटली तर दोष मोटरच्या मर्यादेत आहे. वीज जाऊन-येऊन काही कंट्रोलर शेवटची जागा विसरतात, पुन्हा शिकवायची. हातानेही मिटली नाहीत तर दोष यांत्रिक. मग पाती एकेक करून पट्टीपासून सोडवा आणि हाताने फिरवा. जड लागेल त्याचं बुश किंवा पिन बघा. सगळी हलकी फिरत असूनही कडा जुळत नसतील तर पुन्हा कर्ण मोजा. चौकट तिरकी झाली आहे, बहुधा एक खांब खचलाय.

कडेत अडकलेली काडी, पालीचं अंडं, गांधीलमाशीचं घर हे सगळं आधी बघायचं असतं, पण ते कुणी बघत नाही.

मोटर जास्त ताकदीची लावणं हा उपाय नाही. थांबणारी मोटर पिना वाचवत असते.

निळाई

छत मिटलेलं असताना सकाळी खाली थेंब दिसतात, रात्री पाऊस नसतानाही. गळती म्हणायची?

पागोळी

ते दव आहे. निरभ्र रात्री पातं आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतं, त्याच्या पोटाला ओल धरते. ओळखायची खूण: दवाचे थेंब पात्याच्या पोटभर सगळीकडे असतात, गळतीचे कडेच्या रेषेत किंवा कोपऱ्यात. एकथरी पात्याला हे जास्त होतं. रात्री १० अंश उघडं ठेवलं की हवा खेळते आणि बरंच कमी होतं.

पावसानंतर लगेच पूर्ण उघडलं तर नालीतलं पाणी खालच्या खुर्च्यांवर येतं. आधी १५-२० अंश उघडा, पाच मिनिटं निथळू द्या, मग पुढे. बऱ्याच कंट्रोलरमध्ये ही सोय असते, सुरू करून घ्यावी लागते. आणि बाजूने येणारी झड हे छत अडवत नाही. कडेचा मीटरभर भाग वाऱ्याच्या पावसात भिजणार, फर्निचर तिथे ठेवू नका.

गच्चीकर

देखभाल?

सांधेजोड

पन्हळ पावसाळ्याआधी एकदा आणि पानगळीनंतर एकदा साफ. पाती उभी करून वरून हात घालायचा, झाडूने पाती ढकलायची नाहीत. धुवायला साधा सौम्य साबण आणि मऊ कापड. प्रेशर वॉशर बुशमध्ये माती कोंबतो. ग्रीस लावू नका, धूळ धरतं. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरे. समुद्राजवळ गोड्या पाण्याने वरचेवर धुणं गरजेचं, विशेषतः पाऊस न लागणारी खालची बाजू, मीठ तिथेच साठतं.

गच्चीकर

शेवटचं. खांबातून खाली आलेलं पाणी तिथेच फरशीवर सोडतात ते चालेल का?

ओळंबा

फरशीचा ढाळ घरापासून दूर असेल आणि तोंड बाहेरच्या बाजूला असेल तर चालेल, पण जोराच्या पावसात खांबाभोवती शिंतोडे उडतात आणि फरशी शेवाळते. जमिनीखालच्या नळाला जोडणार असाल तर पाया ओतायच्या आधीच कोपर टाकून घ्या, नंतर ठोकळा फोडावा लागतो. खांबाच्या बुडाशी साफसफाईचं झाकण जमिनीच्या वर १०० मिमी तरी हवं. फरशीखाली गाडलं तर पहिल्याच तुंबण्याला फरशी उचलावी लागेल.